काळ्या पट्टीच्या अलीकडे

"सुनेत्रा, मला शनिवारपर्यंत भाकरी थापायला शिकव."

भरतेश दारातच उभे होते. पायात बूट, अंगावर कारखान्याचा निळा कोट, आणि चेहरा परीक्षेत नापास होऊन आल्यासारखा. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात या माणसाने गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे विचारलं नव्हतं.

"ताप आहे का?" मी विचारलं.

"चेष्टा करू नकोस. फार घोळ झालाय."

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही सांगलीचे, पण तेव्हा स्पेनच्या उत्तरेला, देबा नदीच्या काठावरच्या एका लहान गावात राहत होतो. तो सगळा मुलूख बास्क लोकांचा. हिरवे डोंगर, सतत भुरभुरणारा पाऊस आणि दर दोन घरांमागे एक मशीनचा कारखाना. भरतेशच्या सांगलीच्या मालकांनी, आप्पासाहेबांनी, त्यांना नऊ महिन्यांसाठी इथे पाठवलं होतं ते एकच काम शिकायला. त्याचं नाव स्क्रेपिंग. लेथ मशीनचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, कितीही चांगल्या यंत्रावर घासला तरी तो पुरता सपाट होत नाही. शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो. तो हात गावात एकाच माणसाचा होता, इनास्यो नावाच्या फोरमनचा. आप्पासाहेबांनी निघताना बजावलं होतं, "तेवढं शिकून या. नाही आलात तर बेडचं खातं बंद करतो, आणि तुम्हाला कुठे बसवायचं ते मला सुचत नाही."

सात महिने झाले होते. इनास्योने भरतेशना ड्रॉइंग दाखवली, गिअर दाखवले, स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनचा व्रणसुद्धा दाखवला. स्क्रेपिंगचा विषय निघाला की तो "उद्या बघू" म्हणायचा आणि स्वतः पाठ करून कामाला लागायचा. दुरून बघून ते काम कळत नाही. भरतेश घरी येऊन म्हणायचे, "एक नंबरचा लपवाछपवी करणारा म्हातारा आहे."

"बरं, घोळ काय झाला ते सांगा की," मी म्हटलं.

ते खुर्चीवर बसले. "डबा खाताना त्याने विचारलं, तुझ्या घरी स्वयंपाक कोण करतं. मी म्हटलं, बायको. तो म्हणाला, आणि तू काय करतोस? मी जरा ऐटीत म्हणालो, मी घरात पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही."

"मग?"

"सगळं बाकडं गप्प झालं गं. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मला काहीतरी आजार आहे."

मी हसत सुटले. त्या गावाची रीत मला माहीत होती. तिथे पुरुषांची एक सोसायटी असते. आपल्यासारखी दुधाची किंवा घरांची नाही, स्वयंपाकाची. चांगली मोठी खोली, लांब टेबलं, एका टोकाला भलं थोरलं स्वयंपाकघर. गावातले पुरुष शनिवारी तिथे जमतात, आळीपाळीने रांधतात, एकमेकांच्या कालवणाला नावं ठेवतात आणि खातात. ज्याला रांधता येत नाही त्याला तिथे पोरका समजतात. बायकांना अधूनमधून जेवायला बोलावतात, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायला सक्त बंदी. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. बायकांना स्वयंपाकघरात बंदी! सांगलीला पत्र लिहून कळवलं तर सासूबाईंनी उत्तरात फक्त एवढंच विचारलं, तिथे जागा भाड्याने मिळतात का.

"मग अब्रू वाचवायला मी म्हटलं," भरतेश पुढे म्हणाले, "तसं नाही, मला मक्याची भाकरी येते, हातावर थापून. झालं. इनास्योने चमचा खाली ठेवला. म्हणाला, तालो? तुला तालो येतो? शनिवारी सोसायटीत ये. सगळ्यांसाठी कर. मग सोमवारी आपण बोलू."

"सोमवारी म्हणजे?"

"स्क्रेपिंगबद्दल गं! पहिल्यांदा त्याने दिवस सांगितला. आणि मी सांगून बसलो की."

तालो म्हणजे त्यांची मक्याची भाकरी, हे मला खालच्या मजल्यावरच्या मिरेनबाईंनी सांगितलं होतं. या मिरेनबाई सत्तरीच्या, एकट्या, आणि सबंध गावात मला आपण होऊन हाक मारणाऱ्या पहिल्या. दुपारी भरतेश कारखान्यात, मी घरात भिंतींशी बोलणार तरी किती? मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले. त्या शेंगा निवडताना बोलत, मी ऐकत असे. त्या स्पॅनिश बोलत नसत. म्हणजे येत होती, पण घरात बोलायची नाही असा बाणा. त्यांची भाषा एउस्कारा. आसपासच्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं लागत नाही म्हणतात. मला मात्र ती परकी वाटली नाही. आपण 'रामाने आंबा खाल्ला' म्हणताना रामाला जसा 'ने' लावतो, तसा करणाऱ्याला त्याही एक शेपूट लावतात. एवढा धागा हाती आला आणि मी नेटाने मागे लागले.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही स्वतःला बास्क म्हणता का?"

"तो शब्द बाहेरच्यांचा," त्या म्हणाल्या. "आम्ही म्हणतो एउस्कालदुन. म्हणजे ज्याच्यापाशी एउस्कारा आहे, तो."

"आणि ज्याच्यापाशी नाही?"

"त्याच्यापाशी दुसरी कुठलीतरी भाषा असते बिचाऱ्यापाशी," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे शेंगांची दुसरी टोपली सरकवली होती.

तर मंगळवार संध्याकाळपासून आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. मक्याचं पीठ मिरेनबाईंनी दिलं. ज्वारीच्या पिठाला निदान थोडी माया असते, मका अगदी कोरडा. आधणाचं पाणी बेतात पडलं नाही तर थापताना कडेने चिरतो. भरतेशची पहिली भाकरी परातीला चिकटली. दुसरीला भोकं पडली. तिसरी मी उचलायला गेले तर अर्धी माझ्या हातात आणि अर्धी त्यांच्या.

"अहो, थापायची म्हणजे तिला मारायची नाही. बोटं हलकी ठेवा. फिरवत फिरवत."

"माझी बोटं इंजिनियरची आहेत."

"मग इंजिनियरसारखं बघा की, कुठे जाड राहिलीय ते!"

गुरुवारपर्यंत एवढी प्रगती झाली की भाकरी गोल नसली तरी एकसंध राहायला लागली. पण पाणी किती, उलटायची कधी, हे त्यांना काही केल्या कळेना. मी शेजारी उभी राहून सांगितलं तर जमे. मी पाठ फिरवली की चिरली.

"शनिवारी तू तिथे असशीलच की," ते म्हणाले. "पाहुणी म्हणून टेबलावर. तिथून सांग."

"ओरडून? मराठीत? तीस माणसांसमोर?"

मग मला माझ्या मते फार हुशार कल्पना सुचली. मिरेनबाईंनी मला पत्त्यांचा एक खेळ शिकवला होता, मुस. चौघांनी, दोन जोड्यांनी खेळायचा. त्यातली गंमत अशी की आपल्या हातात काय आहे ते जोडीदाराला चेहऱ्याने खुणावायची परवानगी असते. समोरच्यांच्या नजरेतून ते निसटलं पाहिजे, एवढंच. मी ठरवलं, तसंच करू. मी खालचा ओठ चावला तर पाणी कमी पडलंय. भुवया वर केल्या तर उलटा. तोंड वाकडं केलं तर जाड झाली. डोळे मिटले तर थांबा, कशालाही हात लावू नका. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून ओठ चावण्याचा आणि भुवया उडवण्याचा सराव केला. जिन्यावरून जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

शनिवारी दुपारी आम्ही सोसायटीत गेलो. तीसेक पुरुष, तेवढ्याच वाइनच्या बाटल्या, आणि मी एकटी बाई. मिरेनबाईंनी यायला नकार दिला होता. "नवरा असेपर्यंत वर्षातून दोनदा पाहुणी म्हणून बसले," त्या म्हणाल्या, "आता माझं मी गरम गरम खाते." स्वयंपाकघराला भिंत नव्हती. जमिनीवर हातभर रुंदीची काळ्या फरशीची पट्टी होती, तीच सीमा. सोसायटीचे अध्यक्ष आन्दोनी, नव्वदीकडे झुकलेले गृहस्थ, मला हाताला धरून टेबलाशी घेऊन गेले आणि काठीने ती पट्टी दाखवून स्पॅनिशमध्ये म्हणाले, "साठ वर्षांत एकाही बाईने ही ओलांडलेली नाही." ते इतक्या अभिमानाने म्हणाले की मला अभिनंदन करावंसं वाटलं.

भिंतीवर शोभेला एक लोखंडी तवा टांगलेला होता, लांब दांड्याचा. इनास्योने तो खाली काढला, घासला आणि शेगडीवर ठेवला. इनास्यो म्हणजे ठेंगणा, रुंद, भुवया पांढऱ्या, हात फावड्यासारखे. त्याने सगळ्यांना सांगितलं, "हा तवा चाळीस वर्षं तापलेला नाही. तालो आमच्या आया करायच्या, डोंगरावरच्या घरांत. गरिबीतलं खाणं म्हणून पुढे सगळ्यांनी सोडलं. आज हा हिंदुस्थानी करणार आहे."

मग त्याने बाकडं ओढलं आणि तो बरोबर पट्टीला लागून बसला. भरतेशच्या कपाळावर घाम आला होता.

त्यांनी पीठ घेतलं, पाणी ओतलं, मळायला लागले. कमी पडलं होतं, मला इथून दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हळूच खालचा ओठ चावला.

"दोन राजे!" मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

मला काही कळेना. भरतेशनी पाणी घातलं, गोळा थापला, तव्यावर टाकला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी भुवया वर केल्या.

"जोड्या आहेत बाईकडे!" आता चारजण एकदम ओरडले, आणि हशा पिकला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या गावात माणूस चालायच्या आधी मुस खेळायला शिकतो, जिथे प्रत्येकाची नजर जन्मभर दुसऱ्याच्या ओठांवर आणि भुवयांवर असते, त्या तीस जणांसमोर मी मुसच्याच खुणा करत होते. भरतेश तर पार गोंधळले. त्यांनी भाकरी उलटायला घेतली, ती मधोमध तुटली, अर्धी शेगडीत पडली आणि जळायला लागली. मी घाबरून डोळे गच्च मिटले.

"हातात काहीच नाही!" सगळी सोसायटी एका सुरात म्हणाली.

हसणं थांबायला बराच वेळ लागला. इनास्यो मात्र हसत नव्हता. तो शेगडीतल्या त्या जळक्या तुकड्याकडे बघत होता. त्याचा चेहरा असा पडला की मला आमची सगळी फजिती विसरायला झाली. ही काही परीक्षा नव्हती. त्या माणसाला खरोखरच तालो खायचा होता.

"तुला येत नाही," तो भरतेशना म्हणाला.

"नाही," भरतेश म्हणाले. "मी खोटं बोललो. मला माफ करा." आणि त्यांनी पिठाने भरलेले हात खाली सोडले. सात महिन्यांचं काम गेलं, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. मला नवऱ्याचा राग आला, कीव आली, आणि सगळ्यात जास्त, मी इथे पाहुणी म्हणून हात बांधून बसले आहे याचा संताप आला. माझे दोन्ही हात धडधाकट होते, आणि भाकरी त्यांच्यात होती.

मी उठले आणि काळ्या पट्टीपर्यंत गेले. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. आन्दोनींनी काठी उचलली. मी पट्टीच्या अलीकडे थांबले आणि एउस्कारामध्ये म्हणाले, "अध्यक्ष, बाईने या पट्टीच्या आत जायचं नाही. पण पिठाने बाहेर यायचं नाही, असं कुठे लिहिलंय का?"

कुणाच्यातरी हातून पेला पालथा झाला. भरतेश माझ्याकडे असे बघत होते जणू मी भिंतीतून बाहेर आले आहे. मी खाली मिरेनबाईंकडे शेंगा निवडायला जाते, एवढंच त्यांना माहीत होतं. तिथे काय बोलते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पुढची वीस मिनिटं सोसायटीची आणीबाणीची सभा भरली. नियमांची वही आणली गेली. एक पक्ष म्हणाला, पीठ हा स्वयंपाकघराचाच भाग. दुसरा म्हणाला, मग ब्रेड रोज टेबलावर येतो त्याचं काय. शेवटी आन्दोनींनी काठी आपटून निकाल दिला, "वहीत बाईबद्दल लिहिलंय. पिठाबद्दल नाही. परात बाहेर द्या."

मी पट्टीच्या अलीकडे जमिनीवर बसले, मांडी घालून, परात पुढ्यात घेऊन. पलीकडे भरतेश उभे. मी थापायची, पट्टीवरून त्यांच्या हातात द्यायची, त्यांनी तव्यावर टाकायची. आता मी तोंडाने सांगत होते, मराठीत, मोकळेपणी. "टाका. आता पाणी फिरवा. थांबा... आता उलटा." त्यांच्या हातून एकही तुटली नाही.

पहिली फुगली तेव्हा टाळ्या पडल्या. पहिला तालो मी इनास्योला दिला. बाकीचे चीज आणि मिरच्या घेऊन तयार होते. त्याने मात्र एक वाडगा मागितला, त्यात गरम दूध घेतलं, तालो बोटांनी कुस्करून घातला आणि चमच्याने खायला लागला. माझे आजोबा सांगलीला नेमकं असंच खायचे, दूध-भाकरी काला करून. मी पुढचा गोळा उगाचच जास्त वेळ मळत राहिले.

वाडगा संपल्यावर इनास्योने मला विचारलं, "एउस्कारा कुणी शिकवली?"

"मिरेनबाईंनी."

"सगळं समजतं?"

"हळू बोललात तर."

तो भरतेशकडे वळला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "सोमवारी सकाळी सहा वाजता. हिला घेऊन ये."

"हिला? तिथेही तालो करायचे आहेत?"

"स्क्रेपिंग शिकवायचं आहे."

भरतेश गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मग इनास्यो मला सांगायला लागला, खाली बघत, एउस्कारामध्ये. "हे काम मला माझ्या बापाने शिकवलं. लोखंडावर बोट कसं ठेवायचं, कुठे दाबायचं, कधी सोडायचं, सगळं आमच्या भाषेत. शाळेत ही भाषा बोललो तर मास्तर शिक्षा करायचा. पण कारखान्यात बापाच्या हाताखाली कोण ऐकणार? त्या कामाचे शब्द मला स्पॅनिशमध्ये नाहीतच. तुझ्या नवऱ्याला मी सात महिने सांगायचा प्रयत्न करतोय. तोंड उघडतो, आणि काही येत नाही. मग लाज वाटते, आणि म्हणतो, उद्या."

मी हे भरतेशना मराठीत सांगितलं. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. मग हळूच म्हणाले, "आणि मी त्याला लपवाछपवी करणारा म्हणत होतो."

सोमवारी मी गेले. दुभाषी म्हणून, निदान पहिल्या दिवशी तरी. इनास्यो सांगायचा, मी ऐकून भरतेशना सांगायची. सपाट पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा. तेवढाच, केसाइतका खरवडायचा, आणि पुन्हा बघायचं. तिसऱ्या दिवशी इनास्यो वैतागला. "तू सांगेपर्यंत हात थंड होतो," तो म्हणाला आणि हत्यार माझ्याच हातात दिलं. "हलकी बोटं. फिरवत फिरवत."

मी भरतेशकडे बघितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

बोटांना कुठे जाड राहिलंय ते कळत होतं. इतकी वर्षं मी आणखी कशाची सवय केली होती? दीड महिन्याने निघताना इनास्योने माझा बेड तपासला, पट्टी फिरवली, निळे ठिपके मोजले, आणि कारखान्यातल्या लोकांना मोठ्याने म्हणाला, "ही एउस्कालदुन आहे." भरतेशनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

आज सांगलीजवळ कुपवाडला आमच्या कारखान्यात स्क्रेपिंगचं खातं माझ्याकडे आहे. आप्पासाहेबांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. मग पहिला बेड बघितल्यावर तोच हात खाली घेतला. नवे इंजिनियर येतात, पट्टी फिरवून घाईने म्हणतात, झालं मॅडम. मी बोट फिरवते आणि म्हणते, "ओराइन्दिक एस." म्हणजे अजून नाही. त्यांना वाटतं ही कामातली काहीतरी खास संज्ञा असावी. दोघांनी ती वहीत लिहूनही घेतली आहे.

मला घरी पोचायला सात वाजतात. काल पोचले तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "सुनेत्रा, चिरतंय गं हे!"

मी उंबऱ्याशी गेले. भरतेश परातीपुढे बसले होते, कोपरापर्यंत पिठाने माखलेले, वय वर्षं एकाहत्तर. त्यांनी वर बघितलं. मी उंबरा ओलांडला नाही. बाहेरूनच खालचा ओठ चावला.

"दोन राजे," ते म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलला.